पाठीवर दहा किलो तांदूळ

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाहीये. पार्ल्यातली जुनी तीन मजली बिल्डिंग, रिडेव्हलपमेंट होणार होणार असं दर दिवाळीला ऐकतो आणि पुढच्या दिवाळीला परत तेच ऐकतो. तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात मी आठवड्यातून तीनदा रात्री साडेनऊच्या सुमाराला पाठीला सॅक अडकवून, एका हाताने कठडा धरून, एका पायाच्या चवड्यावर उभी असते. हळूहळू वर, हळूहळू खाली. एकदा वरच्या मजल्यावरचे काका शतपावली उरकून जिना चढत होते, मला बघून थांबले, म्हणाले, "काय गं, चावी विसरलीस का? चल वर, बस आमच्याकडे." म्हटलं नाही हो काका, व्यायाम करतेय. "मग सॅक कशाला?" म्हटलं, तांदूळ आहेत त्यात, दहा किलो. काका काही बोलले नाहीत, वर गेले, दार लागल्याचा आवाज आला आणि मग काकूंच्या हसण्याचा.

हे तांदूळ-प्रकरण एकदा नीट लिहायचं खूप दिवस मनात होतं. कारण आमच्या रनिंग ग्रुपमधले निम्मे लोक डिसेंबर आला की लंगडायला लागतात, आणि मी एकदा त्यातून गेलेली असल्यामुळे मला फोन करतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, कुठलं स्ट्रेचिंग करू? मीही हाच प्रश्न घेऊन दोन महिने फिरत होते. उत्तर मिळालं नाही कारण प्रश्नच चुकीचा होता, पण ते कळायला माझी एक अख्खी मॅरेथॉन गेली.

मी पळायला लागले चाळिशीला टेकल्यावर, लॉकडाऊन उठल्यानंतर. आधी घराजवळ तीन किलोमीटर, मग दहा, मग एक हाफ मॅरेथॉन झाली आणि डोक्यात हवा गेली. २०२४ च्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची असं जुलैमध्ये ठरवलं, ४२.१९५ किलोमीटर. पावसात मनासारखं पळणं झालं नाही (आमच्याकडे पावसाळ्यात पळायचं म्हणजे मैत्रिणीच्या टॉवरच्या पोडियमवर गोल गोल फिरायचं, तेही वॉचमन एकाच दिशेने फिरू देतो म्हणून एकाच दिशेने, म्हणजे वळणाचा भार कायम त्याच पायावर), मग ऑक्टोबरमध्ये मागे पडल्यासारखं वाटलं आणि आठवड्याचं ३० किलोमीटर होतं ते पाच आठवड्यांत ५५ वर नेलं. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. उलट कोचने नको म्हणून सांगितलेलं, पण ॲपवर बाकीच्यांचे आकडे दिसतात ना.

नोव्हेंबरमध्ये सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार पावलं टाकताना डावी टाच कुरकुरायला लागली. टाच म्हणजे टाचेच्या वर, चार बोटांवर, जिथे मागची जाडसर दोरी हाताला लागते तिथे. आपल्याकडे त्याला सगळे नस म्हणतात, "नस आखडलीये", पण ती नस नाहीच, ते अकिलीस टेंडन, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी दोरी. आणि हिची सगळ्यात लबाड गोष्ट म्हणजे पळायला लागलं की दुखणं जातं. पहिला किलोमीटर लंगडत, दुसरा बरा, तिसऱ्याला आपण विसरून पण जातो. मग माणूस म्हणतो, बघा, पळाल्याने मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत हजर, आणि जरा जास्तच.

मग मी काय केलं तर ताणलं. रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला हात लावून पाय मागे टाकून ताणायचं, ऑफिसमध्ये फायलींच्या कपाटाला टेकून ताणायचं, चर्चगेटच्या सबवेच्या पायरीवर टाच खाली सोडून ताणायचं, लोक मागून ढकलतायत तरी ताणायचं. फोम रोलर आणला (फोमचा लोड, ज्यावर पाय ठेवून लोळायचं), हजारेक रुपये गेले. ताणलं की दहा मिनिटं बरं वाटायचं, तेवढ्यावर मी खूश.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी २८ किलोमीटरचा लाँग रन होता. पहाटेची लोकल पकडून दादर, लेडीज डब्यात आम्ही तिघी शॉर्ट्समधल्या आणि बाकी रिकाम्या टोपल्या घेऊन ससून डॉकला निघालेल्या कोळणी. शिवाजी पार्कहून निघालो, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ, खाली चौपाटी, मरीन ड्राइव्हला टोकाला जाऊन परत. परतताना चौपाटीच्या अलीकडे डाव्या पायात कोणीतरी मागून दगड मारावा तसं झालं. खरंच मागे वळून बघितलं. नंतर कळलं की टेंडन तुटलं तरी लोकांना असंच वाटतं, त्यामुळे माझं नशीबच म्हणायचं, तुटलं नव्हतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर अर्धा तास बसले, शेजारी एक जोडपं सेल्फी काढत होतं त्यांनी मलाच फोटो काढायला सांगितला, काढला, आणि टॅक्सी करून घरी आले.

डॉक्टर म्हणाले, वय झालं की चालावं, पळू नये, आणि तीन आठवडे विश्रांती. वय झालं हे ऐकून जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही, पण तीन आठवडे गुपचूप बसले. दुखणं गेलं, अगदी साफ. नाताळच्या सुट्टीला पाच किलोमीटर पळाले, मस्त. मग एक दिवस सोडून सात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना तीच ती दोरी. २१ जानेवारी २०२४ ला मी मॅरेथॉन टीव्हीवर बघितली, छातीवर लावायचा बिबचा नंबर फ्रिजला लावून. आईने त्या दिवशी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली. तिच्या हिशोबात माझा उपासच होता.

जानेवारीच्या शेवटी ग्रुपमधल्या एकीने एका फिजिओकडे पाठवलं. पोरगी जेमतेम तीस वर्षांची असेल. मी माझं स्ट्रेचिंग-पुराण सुरू केलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई, भिंतीला दोन बोटं टेकवा, उजव्या पायावर उभ्या राहा आणि टाच पूर्ण उचलून खाली, किती वेळा होतं बघू. उजवा पाय, २२. जरा दमले पण झाले. आता डावा. पहिले पाच छान. सहाव्याला गुडघा वाकायला लागला, तिने बोटानेच गुडघ्याला टपली मारली, सरळ. आठव्याला टाच अर्धीच उचलली गेली. नवव्याला पोटरी थरथरायला लागली, फोन व्हायब्रेट होतो ना तशी, आणि दहाव्याला मी टाच उचलायचा हुकूम दिला आणि काहीही झालं नाही. म्हणजे खरंच काही नाही, पाय माझाच आहे का असं वाटलं. धडधाकट माणसाला साधारण २५ यावेत अशी अपेक्षा असते. माझे नऊ. आणि या पायावर मी २८ किलोमीटर पळत होते.

मग तिने कागदावर हिशोब करून दाखवला तो मी जपून ठेवलाय. माझ्या वेगाला एका किलोमीटरला साधारण ११५० पावलं पडतात, २८ किलोमीटरला झाली ३२ हजार, त्यातली निम्मी, १६ हजार, डाव्या पायाची. पळताना प्रत्येक पावलाला पोटरी आणि अकिलीसवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट असतो. माझं वजन ५८. म्हणजे कमीत कमी साडेतीनशे किलो, १६ हजार वेळा, अशा पोटरीवर जी स्वतःचं वजन दहाव्यांदा उचलू शकत नाही. स्नायू दमला की त्याचा वाटा दोरीवर जातो, दोरी कुरकुरते, आपण म्हणतो आखडलीये आणि अजून ताणतो. "ताई, तुमची दोरी आखूड नाहीये, अशक्त आहे," असं ती म्हणाली. येताना लोकलमध्ये समोर एक कोळीण मावशी बसली होती, माझी नजर नकळत तिच्या पोटऱ्यांवर गेली. दगड. डोक्यावर टोपली घेऊन स्टेशनचे जिने चढण्यात जन्म गेलेला. मला म्हणाली, काय बघतेस गं?

विश्रांतीने दुखणं जातं आणि पळालं की परत येतं हे कोडंही तिनेच सोडवलं. आराम केला की कुरकुर थांबते, पण दोरी मजबूत होत नाही, उलट रिकामी बसून अजून ढिली होते. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, टेंडनला महिने लागतात आणि हाडाचंही तसंच. दम मात्र पटकन वाढतो, दोन महिन्यांत फुप्फुसं म्हणतात चला अजून दहा किलोमीटर, आणि पाय बिचारे अजून मागच्याच महिन्यात असतात. आपल्या बहुतेक इंज्युऱ्या या मधल्या फटीत होतात असं माझं मत झालंय. पेव्हर ब्लॉक, बूट, रस्त्याचा उतार हे सगळं नंतर. (पेव्हर ब्लॉकबद्दल मी वेगळं लिहिणार आहे, ते एका परिच्छेदात मावणारं दुःख नाही.)

या टाचेच्या व्यायामामागची गोष्ट मला फार आवडते. हाकन आल्फ्रेडसन नावाचे स्वीडनचे एक ऑर्थोपेडिक सर्जन, स्वतः पळणारे, त्यांचंच अकिलीस दुखत होतं. त्यांनी साहेबांना सांगितलं माझं ऑपरेशन करा, साहेब म्हणाले ऑपरेशन करण्याइतकं काही झालेलं नाही. मग या माणसाने ठरवलं की मुद्दाम इतका भार टाकायचा की ते पूर्ण बिघडेल आणि ऑपरेशन करावंच लागेल. पायरीवर उभं राहून रोज टाच खाली सोडायची, दुखलं तरी. आणि ते बिघडायच्या ऐवजी बरं झालं! १९९८ मध्ये त्यांनी हे १५ पेशंटवर करून छापलं. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा वाकवून १५ चे तीन, दिवसातून दोनदा, म्हणजे रोजचे १८०, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. मी फिजिओला विचारलं, रोज १८० करू का, ती हसली. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी तुलना करून बघितली, जास्त वजन घेऊन, सावकाश, आठवड्यातून तीनदा केलं तरी फायदा तेवढाच आणि वेळ कमी लागतो. नोकरी करून, आईची औषधं, डबा, सगळं बघून १८० कोण करणार, मी तीन दिवसवालं घेतलं.

म्हणून तांदूळ. जिम माझ्या घरापासून लांब आणि तेव्हा भीतीही होती (लोक काय म्हणतील ही नाही, मशीन कसं चालवायचं ही), तर कॉलेजची जुनी सॅक काढली आणि आईच्या डब्यातले तांदूळ पिशव्यांमध्ये भरून आत. आधी दोन किलो, मग पाच, शेवटी दहा. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, पायरीच्या कडेवर चवडा. गुडघा सरळ ठेवला की वरची मोठी पोटरी काम करते, वाकवला की खालची, सोलियस नावाची, आणि पळताना खरी हमाली हीच करते पण आरशात दिसत नाही म्हणून हिला कोणी विचारत नाही. पहिल्या महिन्यात कंटाळा इतका यायचा की मी चौथ्या मिनिटाला व्हॉट्सॲप बघायची. पळण्यात जी मजा आहे, समुद्र, वारा, नंतरची इडली, त्यातलं यात काहीही नाही. जिन्यात एक पिवळा बल्ब आणि कोणाच्या तरी घरातल्या मालिकेचा आवाज.

एक सावधगिरी लगेच सांगते कारण माझं बघून ग्रुपमधल्या एका दादाने तसंच सुरू केलं आणि त्याचं वाढलं. माझं दुखणं दोरीच्या मध्यावर होतं. त्याचं होतं अगदी खाली, दोरी जिथे हाडाला चिकटते तिथे. तिथे दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडली की दोरी हाडावर चेपली जाते आणि अजून चिडते, ताणल्यानेही तेच होतं. त्याला जमिनीवर सपाट उभं राहून करायला लावलं आणि स्ट्रेचिंग पूर्ण बंद. तेव्हा माझा ब्लॉग वाचून पायरीवर चढू नका, आधी कोणाला तरी दाखवा.

दुखत असताना किती करायचं याचा नियम सोपा होता. शून्य ते दहा मोजायचं, तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली चार पावलं कालच्यापेक्षा वाईट नकोत. वाईट असतील तर काल जास्त झालं. मी कॅलेंडरवर रोज सकाळचा आकडा लिहायचे, दूधवाल्याच्या हिशोबाच्या शेजारी. आईने एकदा ते आकडे दुधात मिळवले.

नुसती पोटरी करून भागत नाही हेही यथावकाश कळलं. एका पायावर उभं राहून हळूच बसायला लावलं आरशासमोर, तर गुडघा आत पडतो आणि कंबर दुसऱ्या बाजूला लचकते, लावणी चालल्यासारखी. कंबरेच्या बाजूचे स्नायू, ग्लूट्स, दिवसभर खुर्चीत बसून झोपलेले असतात. पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारणं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात, तर ज्याला एका पायावर स्थिर उभं राहता येत नाही त्याचा गुडघा कधी ना कधी तक्रार करणारच. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणं, मांडीच्या बाहेरून गुडघ्याकडे उतरणारं आयटी बँडचं दुखणं, यात गुडघा बऱ्याचदा नुसता हमाल असतो. आयटी बँड तर इतकी चिवट पट्टी आहे की रोलरवर लोळून तिची लांबी वाढत नाही, फक्त आपण ओरडतो. माझा रोलर आता आई पाठ शेकताना उशाला घेते. मी त्याऐवजी पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं, साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर शरीर उचलून धरणं), आणि नंतर हिंमत करून जिमला जाऊन डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), एवढंच करते. आठवड्यातून दोनदा, पस्तीस मिनिटं. जिममध्ये वजन उचललं तर शरीर पुरुषी होईल म्हणणाऱ्या बायकांना एकच सांगते, वर्षभर उचलतेय, ब्लाऊज एकही उसवावा लागलेला नाही.

बरं, हे मी मनाने सांगत नाहीये. २०१४ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी खेळातल्या दुखापती टाळण्याबद्दलचे २५ प्रयोग एकत्र करून बघितले, २६,६१० माणसं. ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाहून कमी झाल्या, स्ट्रेचिंगने काहीच फरक पडला नाही. त्यातले सगळे काही मॅरेथॉनवाले नव्हते हे खरं, बरेचसे इतर खेळांतले आणि सैन्यातले होते. त्याआधी २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १,५३८ नवीन जवानांवर करून बघितलं, निम्म्यांना रोज कसरतीआधी पाय ताणायला लावले, निम्म्यांना नाही, १२ आठवड्यांनी दोन्हीकडे दुखापती जवळपास सारख्याच. हे मी ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. कट्ट्यावरचं स्ट्रेचिंग म्हणजे आमची प्रार्थना, ती मोडायची म्हणजे काय.

पण मग लवचिकपणा नकोच का? तसं नाही, आणि हे मला आईने दाखवलं. आई ७१ वर्षांची. एका शनिवारी स्वयंपाकघरात उकिडवी बसून विळीवर सुरण चिरत होती, टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या, गुडघे छातीशी, आणि वर फोनवर मावशीशी भांडण. मी शेजारी तशी बसायला गेले तर टाचा उचलल्या गेल्या आणि मी मागच्या मागे पिठाच्या डब्यावर. आई म्हणाली, "बेचाळीस किलोमीटर पळणार म्हणे, आधी बसायला शीक." फिजिओने नंतर तेच भिंतीशी मोजलं, पायाचा अंगठा भिंतीपासून दूर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का. साधारण दहा सेंटिमीटर यायला हवं, माझं सहा. घोटा वाकत नसेल तर ती उणीव कुठून तरी भरून निघते, पाऊल आत कोलमडतं, टाच लवकर उचलली जाते. म्हणजे लवचिकपणा लागतो, पण कामापुरता, आणि तो लागतो कुठे हे मोजून बघायचं, सरसकट सगळं ताणत बसायचं नाही.

उलट टोकाची मैत्रीणही आहे आमच्यात. योगा शिकवते, पुढे वाकून कपाळ गुडघ्याला लावते, पाय डोक्यामागे. तिला बसताना ढुंगणाच्या हाडापाशी दुखायला लागलं, मांडीच्या मागच्या स्नायूचं टेंडन जिथे चिकटतं तिथे. ती बिचारी अजून खोल वाकत राहिली, आणि वाकल्यावर तेच टेंडन हाडावर दाबलं जातं, म्हणजे औषध म्हणून रोज जखमच चोळत होती. तिला सहा महिने पश्चिमोत्तानासन बंद आणि वजन उचलणं चालू केल्यावर बरं वाटलं. तिच्याइतकं लवचिक आमच्यात कोणी नाही.

खरं म्हणजे ताकद आणि लवचिकपणा वेगळे काढणं हेच मला आता विचित्र वाटतं. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावरची पोरं बघा, एरंडेल लावलेल्या खांबाला मांडीच्या पकडीत धरून उलटं लटकतात, कमानीसारखी वाकतात, त्यात ताणणं कुठलं आणि ताकद कुठली सांगा. पूर्ण खोलवर जाऊन, भार घेऊन, सावकाश केलं की सांधा मोकळाही होतो आणि मजबूतही. माझा घोटा सहाचा नऊ झाला तो ताणून नाही, सॅक घालून पायरीवर खालपर्यंत जाऊन. पळायच्या आधी मी आता स्थिर ताणत नाही, सूर्यनमस्कार सहा, पाय झुलवणं, थोडं जागच्या जागी उड्या, आणि निघते. पळून झाल्यावर ताणते कधीकधी, कारण बरं वाटतं आणि गप्पा मारता येतात.

पावलांचंही एक छोटं काम केलं. मी लांब लांब टांगा टाकायचे, मिनिटाला १५८ पावलं. पावलं पाच-दहा टक्क्यांनी वाढवली, म्हणजे छोटी पण झटपट टाकली, की गुडघ्या-खुब्यावरचा भार कमी होतो हे २०११ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. १६८ वर आणली. दोन आठवडे कोंबडीसारखं वाटतं, मग सवय होते.

आणि बायकांसाठी एक, हे कोणी ग्रुपवर बोलत नाही म्हणून इथे. पळणं वाढलं, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी पुढे जायला लागली किंवा बंद झाली तर "बरं झालं कटकट गेली" म्हणू नका. शरीराला पुरेसं मिळत नाहीये आणि हाडं त्याची किंमत देतायत. नडगीत किंवा पावलात एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, रात्री पडल्यावरही दुखतंय, एका पायावर उडी मारवत नाही, तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतो, तिथे तांदूळ-बिंदूळ काही नाही, सरळ डॉक्टर. आमच्यातल्या एकीने ते शिनस्प्लिंट, म्हणजे नडगीचं नेहमीचं दुखणं, समजून तीन आठवडे बर्फ लावला.

एप्रिलअखेर डाव्या पायावर माझे २१ झाले. जूनमध्ये एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं असं सुरू केलं, लाज वाटायची, शेजारून आजोबा चालत पुढे जायचे. १९ जानेवारी २०२५ ला हाफ केली, सी लिंकवर अजून अंधार होता. पेडर रोडच्या चढाला, जिथे सगळ्यांच्या पोटऱ्या बोलायला लागतात, मी डाव्या पायाकडे कान लावून बसले होते आणि तो काहीच बोलला नाही. वेळ विचारू नका, आधीच्या हाफपेक्षा चार मिनिटं जास्तच लागली. घरी आल्यावर जिना चढताना मात्र दुसऱ्या मजल्यावर वरचे काका भेटले, आता ते स्वतः कठडा धरून टाचा उचलतात, रोज दहा. गुडघ्याला बरं वाटतं म्हणे.

काल रात्री सॅक पाठीला लावली तर हलकी लागली. वजनकाट्यावर ठेवली, साडेआठ किलो. आत जाऊन विचारलं, आई, सॅकमधले तांदूळ घेतलेस का? म्हणाली, "मग? डब्यातले संपले होते, रविवारी तुझ्या मैत्रिणी आल्या तेव्हा पुलाव कशाचा खाल्लात?"